आसारामच्या जागेवरचा ठोकळा

मित्रांनो, मला पानं नाहीत, पुठ्ठा नाही, नाव नाही, तरी माझा जन्म गेला तो पुस्तकांच्या कपाटात. मी जामखेडच्या एका वाचनालयातला जुना बाभळीचा ठोकळा आहे. हसू नका. ठोकळा म्हटलं की लोक हसतात, पुस्तकंसुद्धा हसायची. पण माझं काम तुम्ही ऐकाल तर हसणार नाही.

आधी मी एका बैलगाडीच्या दांडीत होतो. गाडी मोडली, सुताराने तिचे तुकडे केले, आणि गहिनीनाथ मास्तरांनी त्यातले दहा तुकडे उचलून आणले. मास्तर वाचनालयाचे ग्रंथपाल. तेही आधी नुसते वाचायलाच येत असत. शाळा सुटली की येत, दिवेलागणीला जात. मग पेन्शनीत निघाले आणि सकाळपासूनच येऊन बसू लागले. शेवटी वाचनालयाचे चिटणीस आबासाहेब म्हणाले, "मास्तर, नाहीतरी दार तुम्हीच उघडायला लावता, आता चावी तुमच्याकडेच ठेवा." अशी चावी त्यांच्याकडे आली.

मास्तरांनी आम्हाला तासून-घासून पुस्तकाएवढं केलं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक खाच पाडली. त्यांची रीत अशी होती. कोणी पुस्तक घरी नेलं की कपाटात त्या पुस्तकाच्या जागी ठोकळा उभा करायचा. नेणाऱ्याने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि ती ठोकळ्याच्या खाचेत खोचायची. पुस्तक परत आलं की मास्तर मोठ्यानं हाक मारत, "सहादेव, आलं रे तुझं पुस्तक!" मग चिठ्ठी काढून फाडायची आणि ठोकळा बाजूला. हाक मारल्याशिवाय चिठ्ठी काढायची नाही, यावर त्यांचा भारी कटाक्ष. "नाव घेऊन ठेवलेली जागा नाव घेऊनच मोकळी करायची," असं ते म्हणत.

शेजारची पुस्तकं मला टोचून बोलायची. म्हणायची, हा आला बघा, आत काहीच नाही आणि उभा कसा राहतो ऐटीत! मीही काही कमी नव्हतो. म्हणायचो, तुम्हाला कोणी नेत तरी नाही, बसा धूळ खात.

एकाहत्तर सालच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. दोन कोसांवरच्या वस्तीवरचा आसाराम वारे दर बाजाराच्या दिवशी तीनच्या सुमाराला यायचा. उंच, काटक माणूस. त्याला एक खोड होती. पुस्तक शोधताना दोन बोटांनी फळीवर वाजवायचा, टक टक. मग आमच्यापैकी कोणाच्या डोक्यावर वाजवायचा, टक टक. मला राग यायचा आणि आवडायचंही. त्या दिवशी त्याने एक जाडजूड कादंबरी काढली. एक नावाडी पुराच्या पाण्यात नाव घालतो, अशी तिची गोष्ट होती.

"मास्तर, आमी ऊसतोडीला चाललो श्रीगोंद्याकडं," तो म्हणाला. "पुस्तक यायला सा महिने लागतील. चालंल का?"

"तिकडे कोयता चालवशील की पुस्तक वाचशील?"

"रातच्याला कोपीत, आमच्या पाचटाच्या खोपटात, वाचून दावीन की. टोळीत वाचाया येनारा मी एकलाच हाय. समदी मागं लागलीत."

मास्तर हसले. नियम पंधरा दिवसांचा होता, पण त्यांनी त्याच्या हातात चिठ्ठी दिली. आसारामने सावकाश, दाबून दाबून नाव लिहिलं, ती चिठ्ठी माझ्या डोक्यात खोचली आणि मला कादंबरीच्या जागी उभं केलं. जाताना माझ्या डोक्यावर टक टक केलं. मला वाटलं, सहा महिने काय, असे जातील.

सहा महिने गेले. उन्हाळा आला, टोळ्या परतल्या, आसाराम आला नाही. पण एका बाजाराच्या दिवशी तीनच्या सुमाराला माझ्या डोक्यावर टक टक झालं. मी खुश झालो. बघतो तर समोर कोणी नव्हतं. मास्तरांनीही चष्मा वर करून दाराकडे पाहिलं. "आसाराम, आलास का रे?" ते म्हणाले. दार अर्धं उघडं होतं आणि बाहेर नुसतं ऊन होतं.

खोटं वाटेल तुम्हाला. मलाही वाटलं, आपलंच लाकूड उन्हाने तडकलं असेल. पण पुढच्या बाजारीही तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. आणि त्या वेळी कपाटात उसाच्या पाचटाचा वास यायचा. उसाचं कांडं आमच्या वाचनालयात कधी कोणी आणलेलं नव्हतं.

मग एक दिवस एक बाई आली. पंचविशीतली असेल. पांढरं कपाळ, पायात धुळीचे थर. दाराशीच उभी राहून म्हणाली, "पुस्तक नेल्यालं, ते हरवलंय. काय करावं लागंल?"

"कोणाच्या नावावर होतं?" मास्तरांनी विचारलं.

बाईने पदर सारखा केला. मास्तरांनी पुन्हा विचारलं. तिने खाली पाहिलं, पण नाव सांगेना. मला तर कळेचना, साधं नाव सांगायला काय जातं! मग ती कपाटाकडे आली. एकेक चिठ्ठी वाचत, बोट फिरवत माझ्यापाशी आली आणि थांबली. त्या चिठ्ठीवरून तिने बोट काही उचललं नाही.

मास्तरांनी चष्मा काढला. नवऱ्याचं नाव बायको तोंडाने घेत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

"तू मनकर्णा ना? आसाराम सांगायचा तुझ्याबद्दल."

"व्हय." मग तिने सांगितलं. माघात उसाची गाडी कालव्यावर उलटली, आसाराम खाली होता. टोळीने तिकडेच माती दिली. त्याचं गाठोडं कोणाच्या पेटीत गेलं, पुस्तक कुठे गेलं, तिला काहीच ठाऊक नव्हतं. गाडी म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. मीही एका गाडीचाच तुकडा ना!

"मास्तर, घरात फोटू न्हाई त्यांचा," ती म्हणाली. "त्यांच्या हातचं अक्षर हितंच बघितलं. एवढं काढू नगा."

"पुस्तक येईपर्यंत जागा त्याची. मी नाही काढणार," मास्तर म्हणाले.

तेव्हापासून ती येऊ लागली. ते बहात्तर साल होतं. आभाळाने तोंड फिरवलं होतं. मनकर्णा पहाटेपासून दुष्काळी कामावर खडी फोडायची, आपल्या वाट्याचा ढीग झाला की तीनच्या सुमाराला वाचनालयात यायची. सातवी शिकलेली होती. आधी नुसती माझ्यासमोर बसायची. मग वर्तमानपत्र वाचू लागली, मग पुस्तकं, पण सगळं तिथेच बसून. घरी म्हणून एकही पुस्तक तिने कधी नेलं नाही. मास्तर म्हणत, "ने की ग." ती मान हलवायची. उठताना फळीवरची धूळ पदराने पुसून जायची. पुढे मास्तरांचे डोळे अधू झाले तेव्हा चिठ्ठ्याही तीच वाचून दाखवू लागली. वाचायला आलेली बाई कामाला कधी लागली, ते तिलाही कळलं नसेल.

बाजाराच्या दिवशी मात्र ती मान वर करून बसायची. टक टक झालं की तिचं पान उलटायचं थांबायचं. ती कोणाला काही बोलली नाही. मास्तरही बोलले नाहीत. आम्ही तिघं ते ऐकत होतो, एवढं मला पक्कं माहीत आहे.

आणि कपाटात माझ्यासारखे वाढत चालले. कोणी ऊसतोडीला गेलं, कोणी पोराबाळांसकट पुण्याकडे, कोणी नगरला नागापूरच्या कारखान्यांत. जाताना पुस्तक परत करायचं भान कुणाला? दहा ठोकळे पुरेनात. मास्तरांनी आणखी तीस करवले. आंब्याचे, लिंबाचे, फळकुटांचेही. त्र्याहत्तरच्या पौषात तर एक आख्खं कपाट ठोकळ्यांचं झालं. दार उघडलं की पुस्तकं दिसायचीच नाहीत, नुसती नावं दिसायची. गावातून उठून गेलेली माणसं रांगेत उभी आहेत असं वाटून माझा जीव दडपायचा.

अशात आबासाहेब आले. जिल्ह्याहून साहेब तपासणीला येणार होते. कपाट उघडून ते कपाळाला हात लावून बसले.

"मास्तर, ही काय दशा? साहेब म्हणतील वाचनालय आहे का वखार! न आलेल्या पुस्तकांची यादी करू, गहाळ म्हणून लिहू आणि हे सगळे ठोकळे काढू. चहाच्या चुलीला तरी होतील."

आबासाहेब वाईट माणूस नव्हते. वाचनालय चालू राहावं हाच त्यांचा जीव. पण चूल म्हणजे काय, ते लाकडाला सांगावं लागत नाही. आणि मनकर्णाचा चेहरा, मित्रांनो, तो तर बघवत नव्हता. माझी चिठ्ठी गेली की आसारामच्या हातचं होतं नव्हतं ते गेलं.

आबासाहेब टेबलाशी कागद घेऊन बसले. मास्तर खोकत खुर्चीत. नाव वाचायचं काम मनकर्णाकडे. ती ठोकळा बाहेर काढी, नाव वाची, आबासाहेब लिहीत, आणि ठोकळा पोत्यात पडे.

"कानिफनाथ ढगे." धप्प.

"लंकाबाई मोरे." धप्प.

"सहादेव उगले." धप्प.

मग माझी पाळी आली. तिचा हात माझ्यावर होता. ओठ हलले. आवाज फुटला नाही.

"हं, पुढं?" आबासाहेब मान खाली घालूनच म्हणाले.

मी मनात म्हणत होतो, बोलू नकोस बाई, बोलू नकोस.

"पुढं कोण, बाई?"

"बन्सी गाडे," ती म्हणाली आणि माझ्या शेजारच्याला बाहेर काढलं. मी जागेवरच राहिलो.

संध्याकाळी आबासाहेब पोतं घेऊन गेल्यावर मास्तरांनी विचारलं, "एक नाव राहिलं का ग?"

"माझ्या तोंडानं घेता येत न्हाई, मास्तर."

"मग राहू दे," ते म्हणाले. ती चूक होती की तिने जाणूनबुजून केलं, हे मी आजवर ठरवू शकलो नाही. साहेब आले तेव्हा कपाटात ठोकळा असा एकटा मीच होतो. एकच पुस्तक बाहेर आहे असं समजून ते पुढे गेले. बाकीच्या एकोणचाळीस जणांचा धूर मात्र मी खिडकीतून पाहिला. त्यांच्या चिठ्ठ्याही त्यांच्याबरोबर गेल्या. त्या दिवशी मी खूप रडलो. लाकूड कसं रडतं ते विचारू नका.

पुढच्या पावसाळ्यात मास्तर अंथरुणाला खिळले. त्यांनी मनकर्णाला बोलावून चावी तिच्या हातात दिली आणि आठवड्याने गेले. आबासाहेबांनी कमिटीत सांगितलं, "बाई रोज तिथंच असते, पुस्तक न् पुस्तक तिला ठाऊक आहे. दुसरं कोण शोधायचं?" तशी मनकर्णा ग्रंथपाल झाली. मास्तरांची हाक मारायची रीत तिने सोडली नाही. फक्त माझ्या चिठ्ठीवरच्या नावाची हाक तेवढी मारायची राहिली होती.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात, बाजाराच्याच दिवशी, तीनच्या सुमाराला दार वाजलं. मनकर्णाने मान वर केली. या वेळी दारात खरंच कोणीतरी होतं. आसारामच्या टोळीतला गोरक्ष. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"वहिनी, लई उशीर झाला," तो म्हणाला. "पेटीत माझ्याच हुतं. तुमच्या म्होरं यायचा धीर झाला न्हाई."

फडकं सुटलं आणि कपाटभर पाचटाचा वास पसरला. कादंबरी! कोपरे झिजलेले, मधे उसाचं वाळलेलं पान खूण म्हणून घातलेलं.

"रोज वाचायचा आसाराम. आमी समदी ऐकायचो. त्या दिसापस्तोर हितवर झालं हुतं," गोरक्षने पानावर बोट ठेवलं. "नावाडी मधल्या पान्यात हाय, वहिनी. दोन वर्सं झाली. मला वाचाया येत न्हाई. कोपीत बसलो की इचार येतो, त्यो पोचला का बुडाला?"

मनकर्णाने ते पान उघडलं. उसाचं पान हलक्या हाताने बाजूला ठेवलं आणि वाचायला लागली. आवाज आधी कापत होता, मग स्थिरावला. गोरक्ष गुडघ्यांत हात घालून खाली बसला होता. उन्हं उतरली तेव्हा शेवटचं पान आलं. नावाडी पोचला. दारात त्याने पाय धुतले, आत गेला आणि भाकरी मागितली. गोष्ट संपली.

"आला म्हंजी घरी," गोरक्ष म्हणाला. "बरं झालं. बरं झालं." आणि तो हमसून हमसून रडू लागला.

मनकर्णा रडली नाही. ती उठून माझ्यासमोर आली. पुस्तक आलं होतं. आता हाक मारल्याशिवाय चिठ्ठी काढता येत नव्हती. तिने माझ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"आसाराम," ती म्हणाली. आधी पुटपुटली, मग मोठ्याने, मास्तर म्हणायचे तशी. "आसाराम, आलं तुमचं पुस्तक!"

माझ्या डोक्यावर टक टक झालं. दोनदाच. मग कधी झालं नाही.

तिने चिठ्ठी काढली. फाडली नाही. उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःचं नाव लिहिलं. मग ती माझ्या खाचेत खोचून मला त्याच जागी उभं केलं आणि कादंबरी पिशवीत घातली. "पैल्यापासनं वाचायचीय मला," ती गोरक्षला म्हणाली. तिने घरी नेलेलं ते पहिलं पुस्तक.

मित्रांनो, तुम्ही वाचनालयातून पुस्तक नेलंत तर वेळेवर परत करा, तिकडे कोणीतरी तुमची जागा धरून उभं असतं. आणि गेलेला माणूस आला नाही म्हणून त्याचा ठोकळा घाईने चुलीत घालू नका. माझ्या डोक्यावर आता 'मनकर्णा आसाराम वारे' असं नाव आहे. त्याचं अक्षर मागच्या बाजूला आहे, लाकडाला लागून.