भिंतीतून येणारी खरखर

मित्रांनो, चुलीशेजारच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली, चार जाड तारांची, पाठीचा रंग उडालेली मी एक जुनी बास गिटार. गाणं गायचं इतर वाद्यांनी. मी त्यांच्या पायाखालची जमीन व्हायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या कारखान्यातला. लाकडी मान, त्यावर पितळी पडदे आणि मानेच्या पोटात एक लांब लोखंडी सळई. तारा मानेला पुढे ओढतात, सळई मागे ओढते. दोघींच्या ओढाताणीत मान सरळ राहते.

आगगाडीतून, मग मालमोटारीतून घाट ओलांडून मी नारीन गावी तेमिरकुलच्या हाती आले. सत्तावीस वर्षं त्याने मला लग्नांतून वाजवलं. कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पिऊन रंगात आलेले पाहुणे ओरडत, "तेमिरकुल, तुझा हा याक काय हंबरतोय रे!" तो आपल्या खरखरीत आवाजात म्हणे, "याक नाही, धाकटी बायको आहे माझी." त्यावर थोरली, म्हणजे बुरुलचा, स्वयंपाकातून सुनावी, "मग आज तिच्याच हातचं जेव!"

एका हिवाळ्यात तेमिरकुल गेला. वर्षश्राद्धाचं जेवण होईपर्यंत घरात वाद्य वाजत नाही. बुरुलचाने माझ्या तारा स्वतःच्या हाताने सैल केल्या. सळईचं तिला काय ठाऊक! तारा सुटल्या, सळई मात्र ताणलेलीच राहिली. वर्षभर ती एकटीच ओढत होती आणि माझी मान हळूहळू मागे वाकत होती.

आमच्याकडे बायका भिंतीकडे तोंड करून शोक गातात. बुरुलचा रोज दुपारी माझ्याच भिंतीसमोर बसे.

*दाराशी उभा घोडा, पाठीवर खोगीर नाही,*
*वाटेला विचारते मी, वाट काही बोलत नाही...*

'नाही'वर तिचा सूर खाली उतरला, की माझी सगळ्यांत जाड तार पडद्यांवर थरथरे. खर्रर्र. ती गप्प होई, कान देई. तिच्या आवाजाने तार हलते, हे मला कळत होतं. लाकडाला असल्या गोष्टी कळतात. पण मित्रांनो, काही दुपारी ती गायला तोंड उघडायच्या आधीच तार हलली. वारा नव्हता. चूल विझलेली होती. ते कुणी केलं, हे मी आजही सांगू शकत नाही.

वर्ष सरलं, श्राद्धाचं जेवण झालं. लेक नुरझातने मला उतरवून तारा चढवल्या. शनिवारच्या लग्नात बापाच्या जागी वाजवायला त्याच्या जुन्या सोबत्यांनी तिला बोलावलं होतं. तिने पहिल्या पडद्यावर बोट ठेवलं. खर्रर्र. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, तेच.

"आपा, ही अशी वाजली तर ते दुसऱ्या कुणाला तरी घेतील," ती आईला म्हणाली.

"घेऊ देत. तिला हात लावू नकोस. तो तुझ्या बापाचा घसा आहे."

"तार आहे ती, आपा!"

"तू झोपायचीस त्या दुपारी. मी बोलत होते त्याच्याशी."

तरी नुरझातने तीन तारांचे कोमुझ बनवणाऱ्या म्हाताऱ्या तोलोगोनला बोलावलं. त्याने मला डोळ्यासमोर बंदुकीसारखं धरलं आणि मानेवरून नजर फिरवली. मग तो बुरुलचाला म्हणाला, "सूनबाई, घोड्याचा पट्टा सोडलास आणि लगाम खेचून धरलास! मान मोडायचीच बाकी होती. सळई सैल करायला हवी. आज पाव फेरा, उद्या पाव. लाकडाला घाई चालत नाही. माझ्या गुडघ्यांसारखंच आहे ते."

पहिल्या पाव फेऱ्यानंतर तिसऱ्या पडद्याची खरखर गेली. बुरुलचाचा चेहरा पडला. रात्रभर माझी मान कणाकणाने पुढे सरकत राहिली.

दुसऱ्या दिवशी तोलोगोनने सळईला चावी बसवली, पण फिरवली नाही. "सूनबाई, तू म्हणशील तरच. नाहीतर राहू दे. पोरगी आणखी वर्षभर थांबेल."

नुरझातने पुढे केलेले हात मागे घेतले. बुरुलचाने लेकीच्या रिकाम्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. मग ती भिंतीकडे वळली आणि शेवटचं कडवं गायली. खर्रर्र, माझ्या तारेतून उत्तर आलं. ती वळली, तोलोगोनला बाजूला सारलं आणि चावी स्वतः फिरवली. पाव फेरा.

माझ्या मानेत काहीतरी निवलं. शेजारी टेकून बसलेलं कुणी उठून जावं आणि तेवढी जागा गार पडावी, तसं. बुरुलचा दारापाशी गेली, दार उघडलं आणि कुणाला वाट द्यावी तशी अंग चोरून उभी राहिली.

"सांभाळून जा," ती हळूच म्हणाली. "बाहेर बर्फ आहे."

तोलोगोनने टोपी काढली. दार लागल्यावर नुरझातने पहिल्या पडद्यावर बोट ठेवलं. सूर स्वच्छ निघाला, ओढ्याच्या पाण्यासारखा. शनिवारी ती लग्नात वाजवायला गेली.

मित्रांनो, वाद्य गप्प ठेवायची वेळ आली, तर तारांबरोबर आतली सळईही सैल करा. ती दिसत नाही, पण ओढत असते. आणि कधी जुन्या तारेची खरखर काढायला बसलात, तर चावी फिरवण्याआधी क्षणभर थांबा, आणि नंतर दारातून जरा बाजूला व्हा.