न आलेलं वादळ

मामा हवामान कचेरीत नोकरीला होता, म्हणून घरात त्याच्या सांगण्यावर कोणी छत्रीही उचलत नसे. भाचीला मात्र हवामानशास्त्राचाच अभ्यासक्रम घ्यायचा होता, आणि घेण्याआधी त्याला एक गोष्ट विचारायला ती कचेरीत आली होती. तिचे वडील क्रेन चालवत. गेल्या वर्षी वाऱ्यात क्रेन कोसळली आणि ते गेले.

"त्या दिवशी इशारा दिला होतास, मामा?"

"दिला होता की! दाजींना स्वतः फोन केला. हसले. म्हणाले, तुमचं रोजचंच आहे."

"आदल्या दिवशी?"

"तेव्हाही दिला होता."

"आणि त्या आठवड्यात न दिलेला दिवस कुठला?"

मामाने चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. "अगं, वादळ आलं आणि आम्ही बोललो नसलो, तर आमच्यावर शेकतं. न आलेल्या वादळाचा जाब कोण विचारतो?"

"मग बाबा हसले, त्यात त्यांचं काय चुकलं?"

मामा संगणकाकडे वळला. संध्याकाळचा अंदाज पाठवायची वेळ झाली होती. नकाशावर काही नव्हतं, खिडकीबाहेर पानही हलत नव्हतं. त्याने सवयीने टाइप केलं, 'जोरदार वाऱ्याची शक्यता.'

"खरंच येणार आहे?"

"छे गं. पण आपलं असू द्यावं."

"मी प्रवेश घेतेय," ती म्हणाली. "आज काही नाही, खुशाल कामावर जा, असं सांगायला. म्हणजे चढू नका म्हणेन त्या दिवशी तरी कोणी ऐकेल."

"असं सांगणारी इथे टिकायची नाही, बाई," मामा म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.