टेकडीवर न गेलेली शेणगाडी

मित्रांनो, नाक दाबायचे असेल तर आधीच दाबून घ्या. मी एक शेणगाडी आहे, आणि जुनी म्हणजे चांगलीच जुनी. जन्मभर मी गाईंचे शेण वाहिले आणि त्याची मला तिळभरही लाज वाटत नाही. दूध पांढरे असते म्हणून सगळ्यांना आवडते; पण त्या दुधाच्या मागे कोण राबते, हे कोणी विचारत नाही.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. अंग पाइनच्या फळ्यांचे, तळाशी सरकती साखळी आणि पाठीमागे दातेरी रूळ. ट्रॅक्टर मला ओढू लागला की साखळी शेण मागे सरकवते आणि रूळ ते भिरकावून रानभर पसरवतात. पेनसिल्व्हेनियातल्या ईलम हॉस्टेटरने मला विकत घेतले, तेव्हा मी लालचुटुक होते. पहिल्याच खेपेनंतर माझा रंग कोणता हे विचारायची सोय राहिली नाही. तरी ईलम मला दर शनिवारी धुऊन काढायचा आणि लोकांना सांगायचा, "ही आहे म्हणून माझा मका उभा आहे." तसे कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आले नाही.

ईलमच्या मागे त्याचा मुलगा लॉईड मला चालवू लागला. लॉईड हा कमी बोलणारा, लांब हातांचा माणूस. कुंपणावरून कोणी काही मागितले तर 'नाही' हा शब्द त्याला सापडत नसे. त्याची बायको अर्लीन मात्र दोघांच्या वाटचे बोलायची. "आमच्या लॉईडला कोणी घर मागितलं ना, तर हा विचारेल, किल्ली आत्ता देऊ की जेवण झाल्यावर?" असे ती आल्यागेल्याला अंगणातच ऐकवायची. लॉईड मान खाली घालून माझ्या साखळीला वंगण लावत राहायचा.

आमची राने दोन. खालचे ओढ्याला लागून होते. तिथे शेण टाकायला सरकारची बंदी, कारण ओढ्याचे पाणी पुढे लोक पितात. दुसरे रान टेकडीवर. सगळ्या गोठ्याचे शेण तिथे जायचे, त्यावर मका वाढायचा, आणि तोच मका गाईंच्या पोटात जायचा. टेकडी बंद झाली तर शेण टाकायला जागा नाही, आणि शेण टाकायला जागा नाही तर गाई ठेवता येत नाहीत. आमचा सगळा संसार त्या टेकडीवर उभा होता.

पुढे टेकडीपलीकडच्या शेतकऱ्याने जमीन विकली आणि तिथे शहरातल्या लोकांची घरे आली. ही माणसे रानाची शोभा बघून आली, आणि वारा फिरला की खिडक्या लावून तक्रारी करू लागली. कोणाला शेणाचा वास, कोणाला ट्रॅक्टरचा आवाज. एका बाईंचे म्हणणे तर असे, की गाई पहाटे हंबरतात त्या जरा उशिरा हंबरल्या तर काय बिघडेल. शेवटी गावच्या पंचांनी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा घेतली आणि शेतीच्या हक्काचा कायदा केला. जो रीतीप्रमाणे शेती करत आला आहे, त्याला वास, धूळ किंवा आवाज यासाठी कोणी अडवू शकणार नाही. रस्त्याच्या कडेला तशी पाटीही लागली.

त्या कायद्यात एकच अट होती. काम चालू असले पाहिजे. एखाद्या रानावरचे खत टाकणे वर्षभराहून जास्त बंद राहिले, तर त्या रानाचे संरक्षण संपले. पुन्हा सुरू करणारा नवखा समजला जाईल, आणि नवख्याला शेजाऱ्यांचे ऐकावे लागेल. या अटीवर कोणी तोंड उघडले नाही. चालते शेत कोण कशाला बंद ठेवेल, असे सगळ्यांनाच वाटले.

टेकडीच्या कुंपणाला लागून जेनेट व्हिटकॉम्ब नावाच्या बाई राहायच्या. त्यांची म्हातारी आई छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. एका वसंतात लॉईड मला भरून टेकडीकडे निघाला, तेव्हा जेनेटबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"लॉईड, तुम्हाला काही मागायचा मला हक्क नाही," त्या म्हणाल्या. "कायदा तुमच्या बाजूने आहे, ठाऊक आहे मला. पण आईला श्वासच पुरत नाही हो. खिडकी उघडली तरी त्रास, लावली तरी त्रास."

लॉईडने टोपी काढून डोके खाजवले. "राहू दे मग टेकडी," तो म्हणाला. "त्यांना बरं वाटेपर्यंत."

जेनेटबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. लॉईड त्याला घाबरला असावा, कारण त्याने घाईघाईने ट्रॅक्टर वळवला. भरलेली मी तशीच परत आले.

अंगणात अर्लीन कमरेवर हात ठेवून उभी होती. "अरे, निदान पलीकडचा कोपरा तरी कर. तिथून नाही जायचा वास."

"वारा काय कोपरा बघून वाहतो?" लॉईड म्हणाला आणि तो विषय तिथेच संपला.

ते वर्ष आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. गावाबाहेर बरेच लांब लॉईडचा मावसभाऊ होता, त्याच्या रानात आम्ही शेण नेऊन टाकू लागलो. इतक्या लांबच्या खडबडीत रस्त्याने माझी फळी मोडली, साखळी दोनदा तुटली. मावसभावाने आधीच सांगून ठेवले होते, "अडचण आहे म्हणून ठीक आहे, लॉईड. पण कायमचं जमायचं नाही हं. मला माझ्याच गाईंचं पुरतं."

पुढच्या वसंताच्या तोंडावर म्हातारी गेली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे अर्लीनने दुःखाच्या घरी बेदाण्यांचे सारण भरून भाजलेला 'पाय' नावाचा गोड पदार्थ करून नेला. लॉईडने तोही हंगाम टेकडी कोरी ठेवली आणि मावसभावाकडेच खेपा चालू ठेवल्या. घरात माणूस गेलेले असताना दाराशी शेण उडवणे बरे दिसत नाही, एवढाच त्याचा विचार. कायद्यातली अट त्याला आठवली नाही असे नाही. पण ती आपल्यासारख्यासाठी आहे असे त्याच्या मनातही आले नाही.

जेनेटबाई घर विकून बहिणीकडे राहायला गेल्या. ते घर ग्रेग मॅडॉक्स नावाच्या गृहस्थाने घेतले. तिसऱ्या वसंतात लॉईडने मला पुन्हा टेकडीवर नेले. दोन खेपा झाल्या नाहीत तोच मॅडॉक्सची तक्रार पंचांकडे गेली.

पंच चौकशीला रानातच आले. त्यांचा प्रमुख रॉय बुखर लॉईडचा शाळेपासूनचा मित्र. मॅडॉक्स आपला वकील घेऊन आला होता. आणि लांबून गाडी हाकत, न बोलावता, जेनेटबाई आल्या होत्या. लॉईडवर तक्रार झाल्याचे त्यांच्या कानावर गेले होते. सगळे माझ्याभोवती उभे होते.

"असा शेजारी मी जन्मात पाहिला नाही," जेनेटबाई पंचांना म्हणाल्या. "माझ्या आईसाठी यांनी दोन हंगाम या टेकडीवर एक खेप टाकली नाही. आई शांतपणे गेली ती यांच्यामुळे. आणि अशा माणसाला तुम्ही त्रास देता?"

वकील अगदी मऊ आवाजात म्हणाला, "एकही खेप नाही, बाई?"

"एकही नाही," जेनेटबाई अभिमानाने म्हणाल्या.

रॉयने एकदम खाली बघितले. मग तो लॉईडजवळ आला. "लॉईड, जरा नीट आठवून बघ. पलीकडच्या कोपऱ्यात एखादी खेप टाकली असशील की. यांना घरातून दिसली नसेल. एक खेप जरी झाली असेल, तर काम चालू होतं असं मला लिहिता येईल."

अर्लीनने माझी कड घट्ट धरली होती. "लॉईड, बोल ना," ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, मला वाचा असती तर त्या दिवशी मी खोटे बोलले असते. एक खेप नेली होती, असे शपथेवर सांगितले असते. 

"नाही, रॉय," तो म्हणाला. "त्या सांगतायत तसंच आहे."

जेनेटबाई एकेकाच्या तोंडाकडे बघू लागल्या. "मी काही चुकीचं बोलले का?"

अर्लीनने माझी कड सोडली. तीच म्हणाली, "नाही, जेनेट. खरंच बोललात."

टेकडीवर शेण टाकायला बंदी झाली. मावसभावाने तर आधीच हात वर केले होते. शरद ऋतूत गाईंचा लिलाव झाला. एकेक गाय ट्रकमध्ये चढताना लॉईड तिचे नाव घेऊन तिच्या पाठीवर हात ठेवत होता; नवे मालक ती नावे ठेवणार नाहीत हे त्यालाही ठाऊक होते. अर्लीन, जी कधी गप्प बसत नसे, ती गोठ्याच्या दारात उभी राहून काहीच बोलली नाही. मला ते सगळ्यात जड गेले.

अवजारांच्या ढिगात मीही विकले गेले. मला मॅडॉक्सनेच घेतले. त्याने माझ्यावर निळा रंग फासला, साखळी काढून टाकली, माती भरली आणि हिरवळीवर उभे करून माझ्यात पेटुनियाची फुलझाडे लावली. परवा एका पाहुण्याने विचारले, ही काय वस्तू आहे? "जुन्या काळची गाडी," मॅडॉक्स म्हणाला. "भोपळे वाहायची असणार."

लॉईड आता शाळेची बस चालवतो. समोरच्या रस्त्याने जाताना तो मॅडॉक्सला बघून स्टिअरिंगवरचे एक बोट उचलतो. आमच्या गावात नमस्कार असाच करतात. मॅडॉक्सही हात हलवतो आणि बायकोला म्हणतो, "इथली माणसं किती चांगली आहेत, नाही?"

मित्रांनो, शेजाऱ्यासाठी आपले काम थांबवू नका, असे मी सांगणार नाही. त्या म्हातारीने शेवटचे श्वास मोकळ्या हवेत घेतले, ते मला थोडके वाटत नाही. पण तुमच्यासाठी कोणी आपले काम थांबवले, तर नुसते आभार मानून घरात जाऊ नका. तुमचे थांबून चालेल ना, असे त्याला एकदा विचारा, आणि उत्तर नीट ऐकून घ्या. आमच्या लॉईडला हे कोणी विचारले नाही, आणि त्याने आपण होऊन ते कधीच सांगितले नसते.