डेमेटरची बाजू

“मग त्या आईनं काय केलं?” गॅसवरचं पुरण हलवता हलवता नीलांबरीने विचारलं.

“ती खूप दुःखी झाली. आणि रागावली पण,” कुहू म्हणाली. “शेतात काहीच उगवू दिलं नाही. माणसं उपाशी मरायला लागली.”

“बरं केलं.”

“आई!”

तेरा वर्षांची कुहू खुर्चीवर मांडी घालून बसली होती. तिच्यासमोर हाताने लिहिलेली सहा कार्डं होती. शरद ऋतूची सुट्टी संपली की तिला वर्गात उभं राहून, ऋतू कसे झाले याची ग्रीक गोष्ट सांगायची होती. ती मराठीत सुरुवात करायची, दोन वाक्यांत जर्मनवर घसरायची, आणि नीलांबरी मराठीतच उत्तर द्यायची. आठवडाभरापुरती भेटणारी मुलगी, तिच्या चुका काय काढायच्या?

गोष्ट तशी सोपी होती. डेमेटर ही धान्याची देवी. तिची लेक पर्सेफोन रानात फुलं तोडत होती, तेव्हा पाताळाच्या राजाने तिला पळवून नेलं. आईने सगळी पृथ्वी उजाड करून टाकली, तेव्हा कुठे थोरल्या देवाला जाग आली आणि त्याने लेक परत द्यायला लावली. पण तोवर तिने पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. तिथलं अन्न पोटात गेलं की तिथे परतावंच लागतं. म्हणून मग ती वर्षातले काही महिने आईकडे असते, तेव्हा झाडं बहरतात. उरलेले महिने तिकडे असते, तेव्हा हिवाळा.

नीलांबरीला यात काही नवल वाटलं नाही. गेली चार वर्षं ती हेच जगत होती. तिचे ऋतू फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यावरून ठरत आणि तो तक्ता जर्मनीतल्या बायर्न राज्याच्या शाळांच्या सुट्ट्यांचा होता. ईस्टरला दोन आठवडे, उन्हाळ्यात तीन, नोव्हेंबरच्या तोंडावर एक. बाकी सगळा हिवाळा.

घटस्फोट झाला तेव्हा तिच्याकडे ना नोकरी होती, ना धड जर्मन. नवरा, राजन, बायर्नमधल्या हेर्त्सोगेनआउराख गावी इंजिनिअर. घर त्याचं, कुहूची शाळा घरापासून चालत पाच मिनिटांवर. मुलगी तिथेच राहिली. नीलांबरी बॉनला आली आणि एका रोपवाटिकेत लागली. वसंतात पॅन्सीच्या फुलांची रोपं, या दिवसांत, नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणासाठी, थडग्यांवर ठेवायच्या फरच्या फांद्यांची चक्रं. बोटांना चिकटलेला राळेचा चीक साबणाने जात नाही. ऐन गर्दीच्या आठवड्यात तिने रजा मागितली तेव्हा मालकीण दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

आता नोकरी पक्की झाली होती. घराला दोन खोल्या होत्या. तिने कोर्टात अर्ज केला होता: मुलीने माझ्याकडे राहावं. सोमवारी तिकडच्या न्यायाधीशबाई कुहूला एकटीला समोर बसवून विचारणार होत्या, तुला कुठे राहायचंय?

युगेंडआम्टच्या, म्हणजे मुलांच्या भल्याबुऱ्याकडे बघणाऱ्या सरकारी कचेरीच्या बाईंनी दोघांनाही बजावलं होतं, मुलीवर दबाव आणायचा नाही. नीलांबरीने शब्द पाळला. आठवडाभर तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ, अळूवडी, आज पुरणपोळी. याला दबाव म्हणत नाहीत, असं तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. आतल्या खोलीत नवा पलंग होता, निळे पडदे होते. पडदे कुहूला आवडले का, हेही तिने विचारलं नव्हतं.

“पाचच कार्डं वाचलीस. सहावं?”

कुहूने ते कार्ड मांडीखाली सरकवलं. “ते... टीचर म्हणाल्या, शेवटी स्वतःचं मत सांगायचं.”

“मग सांग की.”

कुहूने कार्ड पुन्हा बाहेर काढलं. मग तिने ते एका दमात वाचलं, सगळं जर्मनमध्ये. “पर्सेफोनला कुणीच विचारलं नाही. आईने नाही, राजाने नाही, देवानेही नाही. दाणे कदाचित तिने मुद्दाम खाल्ले असतील. तिथे ती राणी होती. तिला तिथेही आवडायला लागलं असेल. त्याचा अर्थ तिला आई नको होती असा नाही.”

नीलांबरीने गॅस बंद केला.

“बाबांनी लिहून दिलं का हे?”

म्हणायला नको होतं. तोंडातून शब्द बाहेर पडला तेव्हाच तिला ते कळलं.

“कुणीच नाही लिहून दिलं!” कुहूचे डोळे भरून आले. “तिथे माझी हँडबॉलची टीम आहे. माझी मैत्रीण लेना आहे. बाबांच्या पोळ्या जळतात, तरी मला तिथे राहायचंय. आणि तू मला विचारतच नाहीस. आल्यापासून नुसती खायला वाढतेस.”

पुरणाचा वास घरभर पसरला होता. नीलांबरी ओट्याला टेकून उभी राहिली. तिला म्हणावंसं वाटलं, मी कुणासाठी झिजले गं चार वर्षं? तो पलंग कुणासाठी आणला? डेमेटरने सगळी पृथ्वी उजाड केली तरी थोडीच केली, असं तिला वाटलं. या पोरीवाचून तिला जगायचंच नव्हतं.

“तू रागावलीस?” कुहूने हळूच विचारलं. “तिच्यासारखी?”

“रागावले,” नीलांबरी म्हणाली. मग पदराशी हात नेला, आणि आपण जीन्समध्ये आहोत हे लक्षात येऊन बाहीलाच डोळे पुसले. “पण मंगळवारी मला कामावर जायचंय. वसंतातल्या पॅन्सीची रोपं आत्ताच कुंड्यांत लावावी लागतात. मी नाही लावली तर कोण लावणार?”

त्या दिवशी पोळ्या दोघींनी मिळून लाटल्या. कुहूच्या दोन फुटल्या.

रविवारी दुपारी बॉनजवळच्या सीगबुर्ग स्टेशनच्या फलाटावर गार वारा होता. बाबांच्या गावाकडे जाणारी न्युर्नबर्गची गाडी लागली. कुहू पाठीला सॅक लावून दाराशी गेली, तेव्हा नीलांबरीने पिशवीतून स्टीलची डबी आणि चमचा काढला.

“हात पुढे कर.”

डबीत दही होतं, वर साखर.

“उद्या परीक्षा नाहीये,” कुहू म्हणाली.

“महत्त्वाच्या कामाला निघताना देतात. कर हात.”

“पण आई, मी तर तिथे सांगणारे की...”

“ठाऊक आहे काय सांगणारेस.” नीलांबरीने चमचा दह्यात बुडवला. “चाचरू नकोस. आईला काय वाटेल, याचा विचार करायचा नाही. त्या बाईंकडे सरळ बघून बोल. सगळं नीट होऊ दे तुझ्या मनासारखं.”

तिने मुलीच्या तळव्यावर चमचाभर दही घातलं. कुहूने ते चाटलं. मग डब्यात चढून ती वळली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

“अजून.”

दही एकदाच घालतात. नीलांबरीने सगळी डबी त्या ओंजळीत उपडी केली.

दार बंद झालं. कुहूला हात हलवता आला नाही. गाडी सुटली तरी ती काचेमागे तशीच उभी होती, ओंजळ छातीशी धरून, थेंबही सांडू न देता.