कुंडीतला दुर्गंध

लाँड्रीवालीचं नाक पूर्वी फार तिखट. कपड्यांचा गठ्ठा नुसता हुंगून ती तो कुणाचा ते सांगायची, आणि नवरा मान डोलवत इस्त्री फिरवायचा. मग कुठला तो मेला ताप आला, आणि जाताना तिची वास घ्यायची ताकदच घेऊन गेला. शेजारी ठेवलेल्या इस्त्रीखाली शर्टाचा कोळसा झाला तरी बाईंना पत्ता नाही. तेही तिने हसण्यावारी नेलं. पण लेकीला मुलगी झाली, आजीने नातीची टाळू हुंगली, तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले.

"काहीच येत नाही हो," एवढंच ती म्हणाली.

नवऱ्याच्या ते जिवाला लागलं. डॉक्टर म्हणाले, उग्र वास देत राहा, आला तर येईल. त्याने लवंग, निलगिरी, रॉकेल, सगळं करून पाहिलं. शेवटी रोपवाटिकेतल्या माळ्याने त्याला एक कंद लावलेली कुंडी दिली.

"अळवाच्या कुळातला आहे, पण कोरड्या मुलखातला. पाणी घालू नका, कुजेल. पानं नंतर, आधी फूल. आणि फूल इतकं घाणेरडं, की शेजारी भांडायला येतील."

"मग द्याच," नवरा म्हणाला.

कित्येक आठवडे कुंडीत नुसती माती. "मातीला कसला पहारा देताय?" बायको चिडवायची.

एका सकाळी मातीतून थेट जांभळंकाळं फूल वर आलं. दुपारपर्यंत गल्लीने नाक दाबून धरलं. एक गिऱ्हाईक पँट टाकून पळालं. लेक ओरडली, "बाबा, ते आधी फेका!" आणि बायको मात्र कुंडीशेजारी बसून निवांत चादरींच्या घड्या घालत होती. त्याने कुंडी आणखी जवळ सरकवली. काही नाही. संध्याकाळी त्याने हाय खाल्ली आणि कुंडी टाकायला उचलली.

बायकोने नातीला मांडीवर घेतलं, सवयीने तिच्या केसांत नाक खुपसलं आणि एकदम तोंड वाकडं केलं.

"अगं बाई! एवढी गोड पोर, आणि हिच्या डोक्याला मेलेल्या उंदराचा वास कसा?"

नवरा कुंडीसकट मटकन खाली बसला. हसावं की रडावं त्याला कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं. मग धावत जाऊन कुंडी अंगणाच्या पार टोकाला ठेवली, परत येऊन खिडक्या सताड उघडल्या. बायको अजून डोळे मिटून, नाक नातीच्या टाळूला टेकवून बसली होती.

"आता?" त्याने हळूच विचारलं.

"थांबा की जरा," ती म्हणाली. "दुधाचा येतोय."