पहिलं फूल कोणाचं

मी अनंताचं झाड. बुलढाण्यात रुखमाबाईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभा आहे. बोलायची सवय नाही, म्हणून सावकाश सांगतो.

आधी मी दुसरबीडला, तिच्या माहेरी होतो. तिथलं ऊन मला सोसेना. कळ्या धरायच्या, पण उमलण्याआधीच पिवळ्या पडून गळायच्या. रुखमाबाई हळहळायची. तिचा नवरा कडूबा मुळातच कमी बोलणारा. त्यानं मला मातीसकट गोणपाटात गुंडाळलं आणि एसटीनं इथं आणलं.

इथली गार हवा मला मानवली. पानं फिकी पडली की रुखमाबाई आंबट ताक पाण्यात कालवून बुंध्याशी घालायची. सकाळी पहिलं फूल तोडून ती स्वतः हुंगायची. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून ते तिच्या अंबाड्यात जाई. बाकीची सगळी देवाला.

मग तो मोठा ताप आला. घरोघरी आला, तसा तिलाही आला. ती बरी झाली, पण पहिलं फूल नाकाशी धरून नुसती उभी राहू लागली. पुढं तर न हुंगताच सगळी फुलं देवाला जाऊ लागली.

एकदा शेजारची अमीना धावत आली. "मावशी, डाळ करपून राह्यली ना! पार गल्लीत वास सुटला."

"ध्यान नव्हतं वं पोरी," म्हणत रुखमाबाई हसली. ते हसू खरं नव्हतं. मला कळलं, पण झाडाला विचारतो कोण?

यंदा आखाडात मी फुलांनी लगडलो, आणि ती कडूबाला म्हणाली, "हे झाड तोडा. साप येतीन."

"आजलोक एक तरी आला का?"

"मंग उद्या येईन."

कडूबानं कोयता कणगीमागं लपवला. तिनं तो शोधून काढला.

त्या सकाळी दूध गॅसवर ठेवून ती माझ्यापाशी आली. पहिला घाव खालच्या फांदीवर बसला. मला पळता येत नाही. दुसरा घाव बसला, तेवढ्यात आत दूध उतू गेलं आणि शेगडी विझली. खिडकीतून गॅस माझ्या पानांवर उतरू लागला. ती खिडकीखालीच होती, तरी तिचा हात थांबेना. तिकडं आंघोळ करून कडूबा देवापुढं दिवा लावायला निघाला. हातात काडेपेटी. काडी बाहेर काढलेली.

तो उंबऱ्यावर थबकला.

"रुखमे! ग्यास!"

"कुठं?" ती म्हणाली.

त्यानं काडेपेटी अंगणात भिरकावली, गॅस बंद केला, दारं उघडली. मग तो बाहेर तिच्यापाशी आला.

"तू खिडकीपाशीच व्हती ना वं? तुले वास नाही आला?"

तिच्या हातातला कोयता गळून पडला. "त्या तापापासून मले कायचाच वास येत नाही. हे रोज समोर फुलते, अन् मी मुडद्यावानी उभी राह्यतो."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुमी त्याले माह्यासाठी गोणपाटात गुंडाळून आनलं व्हतं."

कडूबा खाली बसला. तुटलेल्या फांदीवरचं फूल उचलून त्यानं बराच वेळ हुंगलं.

"लोण्यावानी हाय," तो म्हणाला. "ताज्या लोण्यात जायफळ किसल्यावानी."

"अन् आनखी?"

"थांब जराशीक. हुंगू दे मले."

घावांवर त्यानं शेणमातीचा लेप दिला. ते आता भरत आलेत. पहिलं फूल हल्ली देवाला जात नाही. रुखमाबाई ते कडूबाच्या नाकाशी धरते आणि तो काय म्हणतो ते ऐकून अंबाड्यात खोवते. पण जन्मभर कमी बोललेला माणूस तो. रोज नवं कुठून आणणार? काल तो अडला, तर रुखमाबाईनं अमीनाला हाक मारली.

तुम्ही कधी या गल्लीत आलात तर फूल खुशाल मागा. फक्त घेऊन लगेच जाऊ नका. वास कसा आहे, ते रुखमाबाईला सांगून जा.