डोक्यात घोडा धावला का?

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे, पण मला घालून आजवर कोणी लग्नाला गेलेलं नाही. माझ्या ताणल्या जाणाऱ्या कापडात धातूची बटणं बसवली आहेत आणि प्रत्येक बटणातून एक वायर निघते. माणसाच्या डोक्यावर बसायचं, मेंदूतली बारीकशी वीज टिपायची आणि संगणकाकडे पोचवायची, एवढंच माझं काम. कारखान्यात मला प्रथम एका प्लास्टिकच्या डोक्यावर चढवून तपासलं. आत काहीही नसलेलं ते डोकं. पुढे विद्वानांच्या डोक्यांवर बसताना मला त्याची अधूनमधून आठवण येत असे.

प्रयोगशाळेत आले तेव्हा माझं मोठं कौतुक झालं. पाहुण्यांना मला लांबूनच दाखवत. मग बिनवायरची नवी टोपी आली आणि माझी रवानगी खणात झाली. तिथून मला बाहेर काढलं ते डॉक्टरेट करणाऱ्या एका ताईने. विद्यार्थ्यांच्या वाट्याला जुनंच येतं.

ताईचा विषय होता चिनी जोडशब्द. चिनी लिहिताना दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडत नाहीत. चिन्हामागून चिन्ह येत राहतं. ‘आग’ आणि ‘गाडी’ ही चिन्हं शेजारी आली की आगगाडी, अगदी आपल्यासारखीच. पण ‘घोडा’ आणि ‘वर’ शेजारी आले की अर्थ होतो ताबडतोब! आता वाचणाऱ्याचा मेंदू ‘ताबडतोब’ हा अर्थ एकदम उचलतो, की आधी क्षणभर तिथे घोडा धावून जातो? धावत असेल, तर त्या शब्दाला मेंदूतली लाट वेगळी उठणार. ताईचे मार्गदर्शक सर म्हणत, घोडा धावत नाही. या न धावणाऱ्या घोड्यावर बसूनच ते विभागप्रमुख झाले होते.

ताईने घेतलेल्या आधीच्या वाचकांच्या नोंदींत असा फरक होता म्हटलं तर होता, नव्हता म्हटलं तर नव्हता. सगळी भिस्त शेवटच्या वाचकावर. संध्याकाळी खोली दुसऱ्या गटाकडे जायची होती आणि नेमका तो वाचक सर्दीने आडवा झाला. चिनी घरात वाढलेलं, लहानपणापासून चिनी वाचत आलेलं, फोन केल्याबरोबर येईल असं माणूस ताईला एकच आठवलं. सासूबाई.

सासूच्या डोक्यात नक्की काय चालतं हे यंत्रावर बघायची संधी फार थोड्या सुनांना मिळते. ताईने मात्र कपाळाला हात लावला, कारण सासूबाई थेट पार्लरमधून केस सेट करून आल्या होत्या.

“आई, नुसतं डोकं धुऊन या म्हटलं होतं ना मी?”

“अगं, चार शिकलेली माणसं डोकं बघणार म्हणालीस. तसंच विस्कटलेलं आणू?”

केसांवरच्या स्प्रेमुळे माझी बटणं कातडीला लागेनात. बटणाखाली एक खारट मलम भरतात. ताईने नेहमीच्या सढळ हाताने ते घाईघाईत भरलं, आणखी भरलं, वर आणखी भरलं. ते माझ्या कापडाखाली पसरलं आणि मागच्या बाजूच्या शेजारशेजारच्या बटणांचं एकच थारोळं झालं. आता ती बटणं वेगवेगळं काही सांगूच शकत नव्हती. मला हे कळत होतं, पण मला तोंड नाही.

पडद्यावर शब्द सरकू लागले. आगगाडी आली, गेली. घोडा-वर आला, गेला. लाटा दोन्ही वेळेला सारख्याच, इस्त्री केल्यासारख्या.

“वा!” मागे येऊन उभे राहिलेले सर म्हणाले. “बघ, घोडाबिडा काही नाही! हेच चित्र प्रबंधात पहिलं घाल.”

ताईने चित्र मोठं करून पाहिलं. मागच्या बटणांच्या रेघा जुळ्या बहिणींसारख्या पावलाला पाऊल लावून चालल्या होत्या. मलम वाहिलं असं म्हणावं, तर जास्त मलम भरायची हीच सवय आधीच्या नोंदींतही नडली असणार. सगळं काम पुन्हा तपासावं लागणार, पदवी लांबणार. गप्प बसावं, तर सर खूश आणि ती आज मोकळी. बाहेर दुसऱ्या गटाने दार वाजवलं.

“सर, हे चुकलंय. मलम एकत्र झालंय,” ती म्हणाली. “आई, तुमचं डोकं धुवावं लागेल.”

“पार्लरचं?” सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, त्या उठल्या. “चल. पाणी कोमट घे.”

बेसिनपाशी सुनेने सासूचं डोकं धुतलं, मला धुतलं, दोघींना वाळवलं. दुसऱ्या गटाला दाराबाहेर ताटकळत ठेवून शब्द पुन्हा सरकू लागले. आगगाडी शांतपणे गेली. घोडा-वर आला आणि माझ्या मागच्या बटणाखाली बारीकसा झटका बसला. पुढच्या अशाच शब्दाला पुन्हा बसला.

“एका डोक्यावरून काही ठरत नाही,” सर कोरडेपणाने म्हणाले.

“नाहीच ठरत,” ताई म्हणाली. “म्हणून आधीची सगळी डोकी पुन्हा बोलावते.”

“मग माझ्या सिद्धांताचं काय?”

“किती जुना आहे?” सासूबाईंनी केस पुसत विचारलं. “दुकानात बदलून देतात का बघा.”

ताईची पदवी लांबली. मी अजून तिच्याकडेच आहे.

मित्रांनो, तुमच्या हातात माझ्यासारखी एखादी टोपी आली, तर वापरून झाल्यावर धुवा, पूर्ण वाळू द्या, वायरीला धरून ओढू नका. आणि चित्र अगदी तुमच्या मनासारखं आलं, तर टाळी वाजवण्याआधी मला जरा उचलून खाली बघा.